तिसऱ्या ओळीवर काय लिहायचं

सभेची दवंडी मीच दिली. गेली चौतीस वर्षं लेशोबोरो गावात जे काही जमतं ते माझ्या आवाजावर जमतं. वरच्या खडकावर उभं राहायचं, अंगावरचं कांबळं सावरायचं आणि ओरडायचं. "ऐका हो! राजधानीहून, मासेरूहून साहेब येतायत! देशाचं संविधान बदलायचंय, तुमचं मत विचारणार आहेत!"

खालून सेकोआला म्हातारा ओरडला, "मागच्या वेळी का नाही विचारलं?"

"तेव्हा तू झोपला होतास," मी म्हटलं.

पण खरं सांगतो, या वेळी गावात कुणीच झोपलेलं नव्हतं. कारण होतं पुलेंग.

आमच्या गावप्रमुख म्हणजे मापुलेंग, पुलेंगची आई. आमच्यात लग्न होऊन आलेल्या बाईला लेकराच्या नावानेच ओळखतात. नवरा वारला आणि खुर्ची त्यांच्याकडे आली, त्याला सव्वीस वर्षं झाली. मुलगा नाही, एकुलती एक पुलेंग. गुरं विकायचे दाखले, पासपोर्टासाठीच्या चिठ्ठ्या, कुरणावरची भांडणं, सगळं तीच बघते. आई फक्त शिक्का मारतात. पण कायद्याने विधवा खुर्चीवर बसू शकते, मुलगी नाही. आईंच्या मागे खुर्ची पुतण्याची, मोखेलेची. मोखेले तसा वाईट नाही. एकदा हरवलेलं गाढव शोधायला गेला, तर गाढव त्याच्या आधी घरी येऊन उभं. एवढाच काय तो त्याचा दोष.

हा कायदा बदला, असं सभेत कुणीतरी म्हणायला हवं होतं. आणि तिथेच आमचं घोडं अडलं. प्रमुख जिवंत असताना तिच्या मागे कोण, असं चारचौघांत विचारणं म्हणजे तिचं मरण मागणं. ते कोण विचारणार? पुलेंग स्वतःबद्दल बोलणार नाही. आईंना तर बोलताच येत नाही. सभेत प्रमुखाने सगळ्यांत शेवटी बोलायचं आणि लोकांनी जे काढलं तेवढंच बांधून सांगायचं, अशी आमची रीत. स्वतःचा विषय काढायचा नाही.

सभेच्या सकाळी मी बाकडी मांडत होतो. मापुलेंग मोखेलेला शेजारी बसवून काहीतरी सांगत होत्या. मला फक्त 'गाडी' एवढं ऐकू आलं.

मग साहेब आले. मोहापी त्यांचं नाव, गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट. शेणात पाय पडला तरी हसत राहिले, तेव्हाच मला आवडले. त्यांनी पुलेंगच्या हातात एक कागद दिला. "तीन ओळी आहेत. गावाच्या तीन मागण्या. सगळ्या गावांचे कागद गोळा करून देशाची चर्चा होणार."

पहिली ओळ लगेच भरली: दवाखान्याला नर्स द्या. दुसरीलाही वेळ लागला नाही. सेकोआला म्हणाला, "खासदाराला आपण एका पक्षात निवडून देतो. लोकर कातरायच्या आत तो दुसऱ्यात. मेंढीसुद्धा एवढ्या लवकर कळप बदलत नाही. बंद करा हे." टाळ्या पडल्या.

तिसऱ्या ओळीवर मात्र सगळे अडकले. एकाला पूल हवा, एकाला शेजाऱ्याच्या गाढवांना शिक्षा. बोलत गाढवांबद्दल होते आणि बघत पुलेंगकडे. ती कागदात मान घालून बसलेली. दुपार कलली. साहेब घड्याळ बघायला लागले. 

तेवढ्यात मोखेले उठला. टोपी काढून म्हणाला, "साहेब, नव्या संविधानात गावप्रमुखांना सरकारी गाडी मिळणार म्हणे?"

"मी तरी ऐकलेलं नाही," साहेब म्हणाले. "पण मागणी असेल तर लिहू."

"लिहा. डोंगर चढणारी पाहिजे. म्हणजे उद्या मी बसलो की..."

पुलेंगने कागदातून मान वर केली.

"कुठे बसलास?" सेकोआलाने विचारलं.

"म्हणजे... काकू... उशिरा! खूप उशिरा!"

"तारीख सांगून ठेव बाबा," म्हातारी माथेको म्हणाली, "मला मयताच्या जेवणाची बिअर आंबवायला घालावी लागेल."

सगळ्यांनी मापुलेंगकडे पाहिलं. त्या कांबळ्याची पिन नीट करत होत्या. "इथे बोलल्याबद्दल कुणाला दंड नसतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "मोखेलेने विषय काढलाय. बोला."

मग काय, बांधच फुटला. सेकोआला उभा राहिला. "माझी सात गुरं चोरांनी नेली, तेव्हा तीन दिवस घोड्यावर बसून पुलेंगने माग काढला. हा कुठे होता?"

"मला ताप होता," मोखेले म्हणाला.

"तापात नाचतात होय रे? खालच्या गावच्या लग्नात पाहिलं तुला मी."

एक जण म्हणाला, बापजाद्यांची रीत आहे, बाईला खुर्ची नाही.

"तेवीस वर्षं कोण बसलंय मग?" माथेकोने विचारलं.

"त्या विधवा आहेत म्हणून."

"म्हणजे बाईला बसायचं असेल तर आधी नवरा मेला पाहिजे? बघ हं, तुझी बायको ऐकतेय."

त्याची बायकोच सगळ्यांत मोठ्याने हसली. शेवटी मोखेलेसुद्धा हसला. "खरं सांगू का," तो म्हणाला, "मला गाडी चालली असती. भांडणं सोडवायला मला नाही जमायचं."

मग मापुलेंग उठल्या. नर्स सांगितली, खासदार सांगितला. "तिसरं गावाने ठरवलंय. लिही पुलेंग. गावप्रमुख मेल्यावर तिच्या मुलीला खुर्चीचा हक्क असावा."

पुलेंगचं पेन हलेना. नऊ वर्षं जिने गावाचा प्रत्येक कागद लिहिला, तिला एवढं वाक्य लिहवेना. "आई, हे मी नाही लिहिणार," ती म्हणाली आणि रडायला लागली. माझेही डोळे भरले.

"लिही गं. उत्तर आल्याशिवाय मी कुठे जात नाही."

तिने लिहिलं. आईंनी शिक्का मारला.

नंतर बाकडी उचलताना मी हळूच विचारलं, "आई, ते गाडीचं मोखेलेला कुणी सांगितलं?"

"कसली गाडी?" त्या शिक्का पुसत म्हणाल्या. "वय झालं माझं. काहीबाही बोलून जाते."

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. कागद मासेरूला गेला तो गेलाच. यंदाच्या हिवाळ्यात आईंची छाती भरली, श्वास घेववेना. पुलेंग उशाशी बसलेली. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "उत्तर आलं?"

"नाही आलं, आई."

"मग कशी जाऊ?" म्हणाल्या, आणि आठवड्यात उठून बसल्या. सरकारच्या ढिलाईला मी जन्मात पहिल्यांदा दुवा दिला.

परवा टपालाच्या गाडीतून लेशोबोरोच्या गावप्रमुखांच्या नावाने पाकीट आलं. जाड आहे, मासेरूचा शिक्का आहे. आत काय आहे मला ठाऊक नाही. आत्ता आई अंगणात उन्हाला बसल्यात आणि मोखेलेला गाढव कसं बांधायचं ते शिकवतायत.

पाकीट माझ्या कांबळ्याखाली आहे. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी खडकावर चढलेलो नाही.