तळघरातल्या मारुतीचं तेल

शनिवारी सकाळी लालबागच्या त्या टॉवरच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. चाळ पाडून टॉवर उभा राहिला तेव्हा बिल्डरने चाळीतल्या मारुतीला तळघरात, जनरेटरच्या खोलीला लागून बसवलं. टाइल्स निसरड्या होतात म्हणून कमिटीने देवाला तेल वाहणंही बंद केलं. चाळकऱ्यांच्या मनात ती बोच होतीच. आणि आता दर शनिवारी मारुतीच्या अंगातून आपोआप तेल पाझरू लागलं होतं!

"तुम्ही तेल बंद केलंत," बाबुराव महाराज डोळे मिटून सांगत होते, "म्हणून मारुतीराया स्वतःचं तेल काढतोय! सांधेदुखी असो, मधुमेहाची जखम असो, एक बोट लावा. श्रद्धा मात्र हवी हं. गुण नाही आला तर तेलाला बोल लावू नका, आपल्या मनात डोकावून बघा."

बाबुराव सहाव्या मजल्यावरचे, पूर्वीचे विमा एजंट. आधी माणसाला घाबरवायचं आणि मग धीर द्यायचा, ही विद्या त्यांना नव्याने शिकावी लागली नव्हती.

गर्दीच्या मागे वैदेही उभी होती, थकलेली. ती जनरेटर दुरुस्तीच्या कंपनीत इंजिनिअर, त्यामुळे सोसायटीचा जनरेटरही तिच्याच गळ्यात पडलेला. पुढे तिची सासू नलूताई वाटी धरून बसली होती. नलूताईंच्या पायाच्या अंगठ्याला मधुमेहाची जखम होती. ड्रेसिंग सोडून त्या हे तेल लावत होत्या आणि अंगठा काळा पडत चालला होता.

"आई, डॉक्टरांकडे चला ना."

"पुढच्या शनवारी बघू गो. काळं पडतंय म्हणजे विष बाहेर येतंय, महाराजांनीच सांगितलं."

वैदेहीने वाटीत बोट बुडवून वास घेतला. जळकं इंजिन ऑइल. हाच वास ती रोज हाताला घेऊन घरी यायची.

त्याच संध्याकाळी कमिटीची बैठक होती. वैदेही शांतपणे सांगू लागली, "इंजिन चालतं तेव्हा पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली तेलाच्या भागात, क्रँककेसमध्ये, उतरतो. तो कोंडू नये म्हणून त्याला पाइपाने बाहेर सोडतात. जाताना तो तेलाचे तुषार घेऊन जातो. पाइपावर फिल्टर असला की तेल अडतं आणि परत इंजिनात जातं. आपला जुना फिल्टर चोंदला म्हणून काढला, तो पुन्हा बसवलाच नाही."

"मग स्वस्तातला आणू," सेक्रेटरी म्हणाले.

"तो लहान आहे. आपलं इंजिन झिजलंय, वायू जास्त सोडतं. लहान फिल्टर चोंदला तर आत दाब वाढून सील फुटतील. मोठाच घ्या, आणि चोंदल्यावर वायूला वाट देणारा व्हॉल्व्ह असलेला घ्या. पाइपाचं तोंड मूर्तीमागच्या जाळीशी आहे, मारुतीच्या अंगावरचं तेल तिथूनच येतंय."

बाबुराव उठले. "आधी भक्तांचं तेल तोडलंत, आता देवाचंही तोडणार?"

बँकेतल्या, कोर्टातल्या, कॉलेजातल्या सगळ्या शिकलेल्या माना खाली गेल्या. फिल्टर नामंजूर झाला. वैदेहीला वाद घालायचंही त्राण उरलं नाही. घरी आल्यावर नलूताईंच्या पायाचा वास दारातच आला आणि तिला रडू कोसळलं.

बुधवारी संध्याकाळी मात्र तिने सगळ्यांना तळघरात बोलावलं. मारुती स्वच्छ पुसला आणि जनरेटर सुरू केला. थोड्याच वेळात मारुतीचा खांदा चमकू लागला.

"बघा, बुधवारीसुद्धा प्रसन्न!" बाबुराव ओरडले.

"शनिवारी जनरेटरची चाचणी असते, म्हणून शनिवारी तेल," वैदेही म्हणाली. "आज चालवला, म्हणून आज."

तिने इंजिन थांबवून कंपनीतून आणलेला मोठा फिल्टर पाइपाला जोडला, मारुती पुन्हा पुसला, पुन्हा इंजिन चालवलं. लोक ताटकळले. मारुती कोरडा राहिला.

"पण मॅडम, पाइप पहिले बाहेर होता," वॉचमन रामजी चाचरत म्हणाला. "बाबुरावांनीच इकडे, मूर्तीमागच्या जाळीकडे वळवायला लावला. बोलले, बाहेर धूर होतो."

सगळ्यांच्या नजरा बाबुरावांकडे वळल्या. "अरे, माझा हेतू चांगला होता," असं काहीतरी पुटपुटत ते लिफ्टकडे सरकले. कोणी अडवलं नाही. इतके दिवस आपण काय चोळत होतो, हाच हिशेब जो तो मनात करत होता.

नलूताई एकाएकी म्हणाल्या, "वैदेही, मला डॉक्टरकडे ने."

उशीर झाला होता. पाय वाचला, अंगठा गेला.

इस्पितळातून आल्यावर नलूताई खुर्ची टाकून मारुतीसमोर बसल्या. शेजारची सुभद्रा सवयीने वाटी घेऊन आलीच होती. नलूताईंनी बँडेज बांधलेला पाय पुढे केला.

"देवाला हात जोड गो, मी पण जोडते," त्या म्हणाल्या. "पण कोणी काही लावायला दिलं, तर ते येतं कुठून ते आधी विचार. दुखण्याला औषध डॉक्टरचंच घे. मी विचारलं नाही. तू विचार."

सुभद्राने ओशाळून रिकामी वाटी पदराखाली लपवली.