मावशींचं बोट आणि माझी काच

मी हजेरीचं यंत्र बोलतोय. इस्पितळाच्या मागच्या दारापाशी, भिंतीवर असतो. एरवी मला दोनच गोष्टी बोलता येतात, ‘धन्यवाद’ आणि ‘पुन्हा बोट ठेवा’. पण सध्या डोक्यात इतका घोळ झालाय की तुमच्यापाशी मन मोकळं करतोय.

कारखान्यात मला एकच काम शिकवलं होतं, बोटावरच्या रेषा पाहून माणूस ओळखायचा. इथे पहिल्याच दिवशी सफाईच्या मावशींनी बोट ठेवलं. चांगलं मऊ बोट, रेषा ठसठशीत. मी ‘धन्यवाद’ म्हणालो. मावशी चक्क लाजल्या. वॉचमनकाकांना म्हणाल्या, “इतक्या वर्षांत इथं हे कुणी म्हटलं नव्हतं हो!”

पाचसहा महिन्यांत काय बिघडलं कोण जाणे. रोज सकाळी एक अनोळखी बोट यायचं, खरखरीत, रेषांवर भेगाच भेगा. मी म्हणायचो, ‘पुन्हा बोट ठेवा.’

“अरे मेल्या, मीच आहे रे!”

आवाज मावशींचाच. पण आवाजावर हजेरी लावायची मला मुभा नाही. दोनदा त्यांची गैरहजेरी पडली. मुकादम म्हणाले, “तिसऱ्यांदा असं झालं तर मी दुसरी बाई बघणार.” मावशींचं तोंड एवढंसं झालं.

मग काकांनी युक्ती सांगितली. “मावशी, बोट आधी नाकावर फिरवा, मग लावा.” मावशींनी फिरवलं आणि काय सांगू, रेषा लख्ख! मी आणखीच बुचकळ्यात पडलो. माणसाची ओळख नाकावर ठेवलेली असते की काय?

एकदा हा प्रकार त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिला. त्यांनी मावशींचा हात हातात घेतला.

“विटांमध्ये सिमेंट असतं ना, तसा कातडीच्या पेशींमध्ये स्निग्ध थर असतो. मेदाम्लं वगैरे असतात त्यात. त्यानं ओलावा आत टिकतो. तुम्ही हातानं काय काय वापरता?”

“साबण, फिनेल. आणि ह्याची काच पुसायला स्पिरिट. दिवसातून सहा वेळा.”

“मग तोच थर धुऊन जातोय. नाकावरच्या तेलानं हजेरी लागेल, पण भेगा नाही भरणार.”

‘ह्याची’ म्हणजे माझी! माझ्या चकचकीतपणाचा मला केवढा तोरा होता. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंनी मलम आणि हातमोजे दिले. दुसऱ्या दिवशी मावशी भरपूर मलम चोपडून आल्या. बोट घसरलं, काच बरबटली, मला काहीच दिसेना. चार वेळा ‘पुन्हा बोट ठेवा’ झालं आणि मुकादम शेजारीच उभे! तेल कमी पडलं तरी ओळख नाही, जास्त झालं तरी नाही. मी करू तरी काय?

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. “मावशी समोर उभ्या दिसतायत ना तुम्हाला? मग वहीत सही घ्या.”

मुकादमांनी वही मागवली. मावशींची नोकरी राहिली. माझ्याशेजारी खिळ्याला एक वही लटकली.

आता मावशी मोजे घालून मला पुसतात. काल मात्र त्यांनी एक मोजा काढला, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच बोट ठेवलं. नाकाला न लावता. मऊ बोट, पहिल्या दिवशीसारखं! मी जीव तोडून ‘धन्यवाद’ म्हणालो.

“आली का ओळख?” मावशी म्हणाल्या. मग मोजा चढवला आणि वहीत सही केली.

मी बरोबर ओळखलं होतं ना? मग सही कशाला? मला खरंच कळत नाही. तुम्हाला मावशी भेटल्या तर त्यांना एवढं सांगा, मला रोज पुसलं नाही तरी चालेल. बोट मात्र अधूनमधून ठेवत जा.