तिसऱ्या भेटीचा प्रश्न

माझ्यावर बसून गेलेल्यांपैकी आजवर एकही जण राष्ट्राध्यक्ष झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर तुमचा हिरमोड व्हायला नको. मित्रांनो, मी न्यू हॅम्पशायरमधल्या बेलफोर्ड मिल्स या गावातले एक जुने, गोल, फिरते स्टूल आहे. लुसिल थिबोदोच्या हॉटेलात काउंटरसमोर आमची रांग आहे. त्या रांगेत खिडकीजवळचे ते मी.

कारखान्यातून आले तेव्हा माझा खांब आरशासारखा लखलखत होता आणि वर लाल रेक्झिनची गुबगुबीत गादी होती. लुसिलचे वडील आर्मां यांनी मला स्वतःच्या हाताने बोल्ट आवळून फरशीत बसवले. तेव्हापासून मी जागचे हललेले नाही. फिरले मात्र पुष्कळ.

खिडकीतला उजेड नेमका माझ्यावर पडतो, म्हणून फोटोवाल्यांचे मी फार लाडके. अमेरिकेत कोणत्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी कुणाला उभे करायचे, हे ठरवणारी प्रायमरी आमच्याकडे सगळ्यांच्या आधी होते. त्यामुळे दोन-दोन वर्षे अगोदरपासून सिनेटर, गव्हर्नर आणि नुसतेच श्रीमंत असलेले लोक आमच्या गावाभोवती घिरट्या घालू लागतात. उभे राहणार का, असे विचारले की सगळ्यांचे उत्तर एकच. "छे हो, अजून काहीच ठरवलेलं नाही. लोकांचं ऐकायला आलोय." कुणी म्हणतो, पानझडीचे रंग बघायला आलो. एक गृहस्थ तर भर जानेवारीत पाने बघायला आले होते.

हे सगळे माझ्यावर बसले, मेपलच्या पाकात बुडवलेले पॅनकेक खाऊन गेले आणि पुढे हरले. यात माझा काही दोष नाही. आर्मां होते तोवर त्यांनी मला रोज पुसले, महिन्याला तेल दिले. लोकांना सांगायचे, "याच्यावर अर्धा देश बसून गेलाय." ते गेले आणि दिवसही पालटले. माणसे फोनवरच एकमेकांची भाषणे पाहू लागली. माझी गादी फाटली, लुसिलने तिच्यावर रुपेरी चिकटपट्टी मारली. आता मी फिरले की कुरकुरते. म्हातारपणी एवढे चालायचेच.

आमच्या गावाचा एक रिवाज तुम्हाला सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरूनच घडले. इथे कुणीही पाहुण्याला तीनदा भेटल्याशिवाय आपले मत ठरवत नाही. पहिल्या भेटीत नुसता माणूस पाहायचा. दुसऱ्या भेटीत देशाचे प्रश्न विचारायचे. स्वतःच्या गावाचे, घरचे काही मागायचे असेल तर ते तिसऱ्या भेटीत. तोवर त्याला तुमचे नाव पाठ झालेले असते आणि शब्द फिरवताना त्याला लाज वाटते, असा हिशेब. एकदा एका सिनेटरला तिसऱ्या भेटीत नदीवरच्या मोडक्या पुलाबद्दल विचारले आणि पूल खरोखर झाला. तेव्हापासून गावाला या रिवाजाचा फारच अभिमान. आणि उमेदवार तिसऱ्यांदा येणारच, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसे. मते हवी असलेला माणूस जातो कुठे?

त्या वर्षी पानझडीच्या सुमारास गावात कुजबुज सुरू झाली की आमच्या छोट्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद होणार. कुजबुज सगळ्यांच्याच कानांवर होती, पण झोप उडाली ती कोरिनची. कोरिन गॅग्नन म्हणजे लुसिलच्या हॉटेलात कॉफी वाढणारी मुलगी. तिला दिवस गेले होते आणि मार्चमध्ये बाळ होणार होते. तिची प्रकृती नाजूक होती. कळा सुरू झाल्या की अजिबात वेळ घालवू नकोस, असे डॉक्टरांनी तिला बजावले होते. दुसरा दवाखाना घाटापलीकडे, आणि मार्चमध्ये आमचा घाट बर्फाने केव्हा बंद होईल याचा नेम नाही.

अशातच एके दिवशी सकाळी एक अनोळखी माणूस आत आला आणि नेमका माझ्यावर बसला. नाव व्हिटलॉक सांगितले. पांढरेशुभ्र दात, करकरीत नवे बूट. त्याने सगळ्यांशी हात मिळवले आणि विचारले, "काय मंडळी, कसं काय चाललंय तुमच्या गावात?"

माझ्या एका बाजूला अर्ल पिंकम बसतो. तो गावाची बर्फ सारायची गाडी चालवतो. दुसऱ्या बाजूला नॉर्मा हॅस्केल, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दोघांनी माझ्या डोक्यावरून एकमेकांकडे पाहिले.

"मग, ठरवलंत का काही?" अर्लने अगदी सहज विचारल्यासारखे विचारले.

व्हिटलॉक जरा दचकला. "तुमच्यापर्यंत बातमी आली वाटतं. नाही, अजून काहीच ठरवलेलं नाही. आधी लोकांचं ऐकायचं म्हणून आलोय."

झाले! तो दाराबाहेर पडायचा अवकाश, अर्लने काउंटरवर थाप मारली.

"गव्हर्नर आहे. पश्चिमेकडचा. मिशा काढल्यात, म्हणून चटकन ओळखू येत नाही."

"तुझं आपलं काहीतरीच," नॉर्माबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला गॅस दुरुस्त करायला आलेल्याला सिनेटर केलं होतंस."

"अहो, पण दोन्ही हातांनी हात दाबला त्यानं! दोन्ही हातांनी हात दाबणारा माणूस नुसती कॉफी प्यायला येतो होय?"

"येत नाहीच. पण हा गव्हर्नर नव्हे, तो कारखानदार आहे. टीव्हीवर परवा चर्चा चालली होती ना, कोण कोण उभं राहील त्याची. आणि बूट बघितलेस? खास आपल्या बर्फासाठी घेतलेत."

"काय गं लुसिल, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, त्यानं बिल दिलं आणि तुम्ही दोघांनी अजून दिलेलं नाही," लुसिल म्हणाली.

मला मात्र संशय आला होता. उभा राहणारा माणूस माझ्यावर नेहमी कडेला, ताठ बसतो, केव्हाही उठून फोटोला सामोरा जायच्या तयारीने. हा माणूस सगळा भार टाकून, दमून बसला होता. पण स्टुलाला कोण विचारतो? आणि ज्याने अजून जाहीर केलेले नाही, त्याला 'तुम्ही नक्की कोण' असे तोंडावर विचारणे आमच्या गावात अडाणीपणाचे समजतात. म्हणून त्यालाही कुणी विचारले नाही.

नाताळाच्या आधी तो पुन्हा आला. ही दुसरी भेट, म्हणजे देशाच्या प्रश्नांची. अर्लने त्याला परदेशातल्या फौजा केव्हा परत आणणार, ते विचारले. नॉर्माबाईंनी सर्वोच्च न्यायालयाचा विषय काढला आणि त्यांची कॉफी गार होईपर्यंत त्या बोलत राहिल्या. बिचारा गोंधळून माझ्यावर अर्धा अर्धा वळत होता, एकदा इकडे, एकदा तिकडे.

"याबद्दल माझं खरंच काही मत नाही हो," तो शेवटी म्हणाला.

"मुरलेला दिसतोय," नॉर्माबाई लुसिलच्या कानाशी पुटपुटल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होते.

मग त्यानेच विचारले, "आणि तुमच्या गावाचं काय? इथं कुणाला काही काळजी, काही अडचण?"

कोरिन कॉफीचे भांडे हातात घेऊन समोरच उभी होती. तिने बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात अर्ल छाती फुगवून म्हणाला, "आमचं आम्ही बघून घेतो. आम्ही हात पसरणाऱ्यांतले नाही." आणि नॉर्माबाईंनी कोरिनकडे पाहून हळूच मान हलवली. आत्ता नको.

तो गेल्यावर कोरिन म्हणाली, "बाई, मी वॉर्डचं विचारणार होते."

"विचारशील गं. तिसऱ्यांदा येऊ दे त्याला. आत्ता विचारलं असतंस तर हो हो म्हणाला असता आणि गाडीत बसल्या बसल्या विसरला असता. चांगला प्रश्न असा वाया घालवू नये."

कोरिनने ऐकले. ती नॉर्माबाईंची विद्यार्थिनी होती. त्यानंतर रोज सकाळी काउंटर पुसता पुसता ती आपला प्रश्न मनाशी घोळवत असे. कधी ओठ हलत, कधी शब्दही माझ्या कानी येत. "साहेब, माझं नाव कोरिन. मार्चमध्ये मला..." इथवर आले की ती थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दार वाजले की चटकन वर पाहायची. जानेवारी गेला. तो आला नाही.

आले ते वर्तमानपत्र. लुसिल ते उघडून बघत असताना अर्लने वाकून फोटोवर बोट ठेवले. "अरे, हा तर आपला गव्हर्नर!"

लुसिलने बातमी मोठ्याने वाचली. व्हिटलॉक हा दवाखाना चालवणाऱ्या मंडळाने नेमलेला सल्लागार होता. वॉर्ड ठेवायचा की बंद करायचा, एवढेच ठरवायला तो आला होता. वॉर्ड महिनाअखेर बंद होणार होता. खाली त्याचे म्हणणे छापले होते: "मी दोनदा गावात जाऊन लोकांशी मोकळेपणाने बोललो. या विभागाची काळजी कुणीही बोलून दाखवली नाही."

त्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. गावात येणारा प्रत्येक पाहुणा मते मागायलाच येतो, असे समजायची सवय आम्हालाच लागली होती. कोरिनने कॉफीचे भांडे खाली ठेवले.

"म्हणजे तो तिसऱ्यांदा येणारच नव्हता," ती म्हणाली.

अर्लने मंडळाला फोनवर फोन केले. नॉर्माबाईंनी शब्दांना धार लावून पत्रे लिहिली. पण निर्णय होऊन गेला होता आणि महिनाअखेर वॉर्डला कुलूप लागले.

मार्चमध्ये एके दिवशी सकाळपासून वादळी बर्फ पडत होता. कोरिनचा नवरा दूर जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होता. न्याहारीची गिऱ्हाइके जेमतेम आली असतील, तोच कोरिन काउंटरच्या मागून बाहेर आली आणि माझ्यावर बसली. इतकी वर्षे ती मला पुसत होती, पण माझ्यावर कधी बसली नव्हती. तिने काउंटरची कड घट्ट धरली. तिच्या अंगातली कळ माझ्या खांबातून खाली फरशीपर्यंत गेली. मित्रांनो, माझ्यावर मोठमोठी वजनदार माणसे बसून गेली आहेत, पण इतका भार मी कधी सोसला नाही.

रुग्णवाहिका घाटापलीकडेच अडकली होती. अर्लची बर्फ सारायची गाडी दारात उभी होती. त्याने आणि नॉर्माबाईंनी कोरिनला दोन्हीकडून धरून गाडीत चढवले आणि समोरचा बर्फ सारत सारत गाडी निघाली. दिवसभर लुसिल फोनपाशी बसून होती. माझ्यावर कुणी बसले नाही. बसूही नये असेच मला वाटत होते.

संध्याकाळी अर्ल एकटाच परत आला. टोपीसुद्धा न काढता तो आपल्या जागेवर बसला.

"मुलगा झाला," तो म्हणाला. "लाकडाच्या वखारीपाशी, गाडीतच. नॉर्माबाईंनी केलं सगळं. घाट चढायच्या आतच."

"आणि कोरिन?"

"आहे. पलीकडच्या दवाखान्यात पोचवलं. फार रक्त गेलं. जरा आणखी उशीर झाला असता तर..." मग तो एकदम म्हणाला, "मी त्याला फौजांचं विचारलं, लुसिल. पोर समोर उभी होती आणि मी फौजांचं विचारत बसलो!"

लुसिलने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्याने ती घेतली नाही.

कोरिन पुष्कळ दिवसांनी घरी आली, आणि कामावर परतायला जून उजाडला. बाळाला ती सोबतच आणायची. त्याच सुमारास सिनेटर ऑड्री प्रुएट या दक्षिणेकडच्या बाई आमच्या गावी आल्या. या मात्र खऱ्याखुऱ्या. त्या उभ्या राहणार की नाही, याची चर्चा टीव्हीवर रोज चालू होती. त्या म्हणाल्या, आपण केवळ स्ट्रॉबेरी खायला आलो आहोत. मागे फोटोवाल्यांची ही गर्दी! लुसिलने माझी चिकटपट्टी दाबून बसवली. बाई माझ्यावर कडेला, ताठ बसल्या, आणि मी मनात म्हटले, या उभ्या राहणार.

ही पहिली भेट होती. रिवाजाप्रमाणे नुसते पाहायचे. नॉर्माबाई नेहमीसारख्या शेजारच्या स्टुलावर होत्या. सिनेटरबाईंनी त्यांच्यापुढे हात केला. नॉर्माबाईंनी तो हातात घेतला आणि मग, मित्रांनो, मी इतक्या वर्षांत कधी पाहिले नव्हते असे काही त्यांनी केले. त्या आपल्या जागेवरून उठल्या.

"कोरिन, तू बस इथं," त्या म्हणाल्या.

"अहो, पण ही पहिलीच..."

"बस म्हणते ना!"

कोरिन बाळाला कडेवर घेऊन बसली. फोटोवाले खूश झाले. सिनेटरबाईंनी बाळाच्या गालाला हात लावला. "किती गोड आहे! काय नाव?"

"जोनस. हा रस्त्यात झाला. बर्फ सारायच्या गाडीत," कोरिन म्हणाली. "इथला बाळंतपणाचा वॉर्ड बंद झालाय."

"अरे अरे! हे बघा, मी अजून काही ठरवलेलं नाही, पण पुढेमागे जर मी..."

"तुमचं ठरलंय की नाही, हे मी विचारतच नाहीये. ती तिकडे कोपऱ्यात बसलेली पोरगी दिसते ना? तिला सातवा महिना लागलाय. तिचं बाळंतपण कुठं व्हायचं, तेवढं सांगा."

सिनेटरबाईंनी मागे उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे पाहिले. त्याने खाली पाहिले. बाईंच्या तोंडावरचे फोटोतले हसू हळूहळू उतरले.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"मग माहीत करून घ्या आणि परत या. पण लवकर या. तिच्याकडे फार वेळ नाही."

त्या येतील की नाही, मला सांगता येणार नाही. स्टुलांना भविष्य कळत नाही. टीव्हीवरच्या पंडितांनाही ते कळत नाही, पण ते तसे सांगत नाहीत. त्या पोरीचे दिवस भरत आले आहेत आणि अर्लने आपली गाडी आत्तापासूनच घासून पुसून ठेवली आहे.

माझी गादी तुम्ही नवी करा किंवा करू नका, मित्रांनो. मला एवढेच मागायचे आहे. तुमच्या गावात कुणी 'लोकांचं ऐकायला आलोय' असे म्हणत आला, तर तो कोण, कुठला, उभा राहणार की नाही, याचा खल नंतर निवांत करा. आधी तुमच्यात ज्याची निकड सगळ्यांत मोठी आहे, त्याला पुढे बसवा आणि बोलू द्या. त्यासाठी तुम्हाला उठावे लागले तर उठा. आम्ही काही खुर्च्या नव्हे, साधी स्टुले आहोत. आमच्यावरून उठणे मुळीच अवघड नसते.