तिसऱ्या मजल्यावरची पाटी

त्या घराची सफाई मावशींकडे येऊन चार वर्षं झाली होती. घर दोनशे वर्षांचं, तीन मजली, अंगाने अरुंद, जुन्या शहराच्या अगदी पोटात. मालकीणबाईंनी ते पडझड झालेलं विकत घेतलं आणि पोटच्या पोरासारखं उभं केलं. भिंतींना चुन्याचा गिलावा, जिन्याला कोरीव कठडा, दारांना पितळी कड्या. एकेका फरशीचा जोड शोधायला त्या गावोगाव हिंडल्या होत्या. आता तिथे सुट्टीवर आलेले पाहुणे राहायचे. सकाळी अकराला एक बिऱ्हाड निघायचं, दुपारी तीनला दुसरं दारात हजर. मधले चार तास मावशींचे. चादरी बदलायच्या, मोरीतले केस काढायचे, फ्रीजमधलं उष्टंमाष्टं टाकायचं, टॉवेलच्या वळकट्या करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवायच्या. मालकीणबाई कौतुकाने म्हणायच्या, "मावशींचा हात फिरला की घर पुन्हा कोरं होतं."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता. त्याच्या धुराचा पाइप भिंतीतून आतल्या चौकात निघायचा. गेल्या हिवाळ्यात मालकीणबाईंना तो पाइप डोळ्यांत खुपायला लागला. "फोटोत नेमकं तेच पत्र्याचं धूड येतं, सगळी शोभा जाते," म्हणत त्यांनी सुताराकडून त्यावर नक्षीची लाकडी पेटी बसवून घेतली. पेटी दिसायला देखणी होती. पण तेव्हापासून वरचा टब गरम पाण्याने घासायला घेतला की मावशींचं डोकं जड व्हायचं, मळमळायचं. म्हणून त्या आधी टबाजवळची छोटी खिडकी उघडायच्या. काम झालं की ती आठवणीने लावून घ्यायच्या, कारण पारवे आत शिरतात म्हणून खिडक्या बंदच हव्यात, असा मालकीणबाईंचा दंडक होता.

एकदा मावशींनी सांगूनही पाहिलं होतं. "बाई, वर काम करताना डोकं फार धरतं हो."

"ते ॲसिड वापरू नका म्हणून कितीदा सांगितलं, मावशी! आणि एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

मावशींनी नंबर तपासून घेतला. तो खरंच वाढला होता. विषय तिथेच मिटला.

अशाच एका आठवड्यात दोन बहिणी उतरल्या. पन्नाशी उलटलेल्या, दोघीही बिनलग्नाच्या. अंथरुणाला खिळलेल्या आईचं त्यांनी अकरा वर्षं केलं होतं. आई गेली, आणि दोघी आयुष्यात पहिल्यांदाच फिरायला निघाल्या होत्या. थोरली शाळेच्या ग्रंथालयात होती. दिसेल ते वाचायची तिला खोड, अगदी किटलीच्या बुडाशी छापलेलंसुद्धा. धाकटी नुसती हसरी. किल्ली द्यायला गेलेल्या मावशींना तिने हाताला धरून बसवलं. "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. घर काय पळून जातंय का?" चार वर्षांत त्या घरात मावशी खुर्चीवर बसल्या त्या तेवढ्याच.

तिसऱ्या दिवशी अकराला मावशी गेल्या, तर बेल वाजवूनही दार उघडेना. आपल्या किल्लीने त्या आत शिरल्या. दोन बॅगा दाराशी भरून तयार होत्या. वर पाण्याचा आवाज येत होता. मावशी हाका मारत जिना चढल्या. थोरली टबात होती, मान कलंडलेली. धाकटी उंबरठ्यावर पालथी पडलेली. बहिणीला बघायला आली असणार, आणि तिथेच कोसळली. दोघींचे गाल गुलाबी होते. झोपल्यासारख्याच दिसत होत्या. मावशींनी धावत जाऊन खिडकी उघडली, गिझर बंद केला, धाकटीला काखेत धरून बाहेर ओढलं. पण तिच्या अंगात काही उरलं नव्हतं.

त्यानंतरचं त्यांना तुटक तुटक आठवतं. रुग्णवाहिकेची माणसं अरुंद जिन्यावरून कशी वळत होती, ते आठवतं. मालकीणबाई धापा टाकत आल्या आणि कठड्याला धरून हमसाहमशी रडल्या, तेही. ते रडणं खोटं नव्हतं. मग त्या एकट्याच वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत.

दुपारी पोलीस अधिकारी आला. सगळं दाखवायला मावशी त्याच्याबरोबर वर गेल्या, आणि दारातच थबकल्या. गिझरशेजारी एक पाटी टांगलेली होती. सुबक अक्षर, सोनेरी चौकट. 'गरम पाणी वापरताना खिडकी उघडी ठेवावी.' चौकट मावशींच्या ओळखीची होती. दुसऱ्या मजल्यावरच्या फुलांच्या चित्राची. दर आठवड्याला त्याच तर ती पुसायच्या.

"ही पाटी आधीपासून इथे होती?" अधिकाऱ्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," मागोमाग वर आलेल्या मालकीणबाई म्हणाल्या. "हो ना, मावशी?"

मावशींची मान हलली. त्यांनी ती हलवली असं म्हणवत नाही, पण हलली. अधिकाऱ्याने लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी मावशींच्या लेकीने सगळं ऐकून घेतलं. ती मालकीणबाईंच्याच ऑफिसात बुकिंगचं काम करायची. नोकरी त्यांनीच दिली होती, वर्षभर खेटे घातल्यावर मिळालेली. "आई, गेलेल्या गेल्या," ती म्हणाली. "तू बोललीस म्हणून त्या परत येणार आहेत का? आपलं हातावरचं पोट. झाकली मूठ राहू दे." मावशींची भाकरी तव्यावर करपली तेव्हा लेकीनेच उठून गॅस बंद केला.

चार दिवसांनी बहिणींचा भाऊ सामान न्यायला आला. शिंपीकाम करणारा किडकिडीत माणूस, गळ्यात अजून माप घ्यायची टेप. काढायचं भानच राहिलं नसावं. मालकीणबाईंना त्याच्यासमोर यायचा धीर झाला नाही. त्यांनी मावशींनाच पाठवलं.

त्याने बॅगा उचलल्या नाहीत. दोन्ही बॅगांमध्ये खाली फरशीवरच बसला.

"ताई, तुम्हीच ना त्यांना पाहिलंत?"

"हो, दादा."

"एक विचारू? अधिकारी म्हणाले, तिथे पाटी होती. खिडकी उघडी ठेवा म्हणून. पण माझी थोरली बहीण... तिला वाचायचं वेड हो. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा मोठ्याने वाचायची, आम्ही वैतागायचो. तिने पाटी वाचली नसेल, हे मला पटत नाही. आणि वाचून खिडकी उघडली नसेल, हेही पटत नाही. चार रात्री डोकं फुटायची पाळी आलीय. तिने मुद्दाम तर... आई गेल्यापासून ती गप्प असायची. पण धाकटीला घेऊन? असं करील ती?"

आपण मान हलवली ती मालकीणबाईंना वाचवायला, नाहीतर लेकीच्या नोकरीला, एवढंच मावशी धरून चालल्या होत्या. त्या मानेचा भार मेलेल्या बाईवर जाऊन पडेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"नाही, दादा," त्या म्हणाल्या. "तसं काही नाही. पाटी नव्हती."

"काय?"

"नंतर लावली. त्या गेल्यावर. मी खोटं बोलले." आणि एकदा तोंड उघडल्यावर उरलेलंही बाहेर आलं. पेटी, डोकेदुखी, पारवे. "खिडकी बंद होती, कारण मीच लावायचे. माझं डोकं दुखायचं म्हणून मी उघडायचे आणि जाताना लावून घ्यायचे. त्यांनाही दुखेल, हे मनातच आलं नाही माझ्या."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मावशींना वाटलं, आता मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याने तोंड दोन्ही हातांत लपवलं आणि आवाज न करता रडला. मग उठला.

"हेच चौकीत येऊन सांगाल?"

"चला."

पोलीस चौकीपर्यंत तो दहा पावलं पुढे चालत राहिला. एकदाही वळून बघितलं नाही.

पुढे व्हायचं ते झालं. पेटी उघडल्यावर आत पाइपाचं तोंड काजळीने बुजलेलं निघालं; गिझरचा विषारी वायू बाथरूममध्येच कोंडत होता, आणि सुतारानेही सांगितलं की हवेला जागा ठेवू का, असं त्याने विचारलं होतं. नक्षी बिघडेल म्हणून बाई नको म्हणाल्या होत्या. लेकीला दुसऱ्याच दिवशी ऑफिसात येऊ नको असा निरोप आला. महिनाभर ती आईशी धड बोलली नाही, मग मामाकडे राहायला गेली. गल्लीतल्या आणखी दोन घरांनी मावशींचं काम बंद केलं. खाल्ल्या मिठाला जागली नाही, असं बोललं गेलं. आता त्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या करतात.

खटला दीड वर्षाने उभा राहिला. मालकीणबाईंच्या वकिलाने मावशींना सरळच विचारलं, "खिडकी कोण लावायचं?"

"मी."

"त्रास होतोय हे कोणाला माहीत होतं?"

"मला. आणि बाईंना. मी सांगितलं होतं."

"मग दोष कोणाचा?"

न्यायाधीशांनी तो प्रश्न गैर ठरवला. मावशींना उत्तर द्यावं लागलं नाही. द्यायला लागलं असतं तर काय दिलं असतं, हे त्या अजूनही ठरवू शकलेल्या नाहीत.

मालकीणबाईंना तीन वर्षांची शिक्षा झाली. निकाल ऐकून त्या मागे वळल्या आणि गर्दीत मावशींना शोधू लागल्या. राग नव्हता त्या नजरेत. चार वर्षांच्या सवयीने माणूस शोधतो, तशी ती नजर होती. मावशींनी खाली बघितलं.

बाहेर बाकावर त्या बसून राहिल्या. थोड्या वेळाने भाऊ येऊन त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दीड वर्षात तो त्यांच्याशी एक शब्दही बोलला नव्हता.

"जेवलात?" त्याने समोर बघत विचारलं.

"नाही."

"मीपण नाही."

दोघंही उठले नाहीत. लोक येत जात राहिले. मग त्याच्या बसची वेळ झाली, आणि तो गेला.