पहिला मान

इंद्रभान मेहकर आगारात कंडक्टर होता. सव्वीस वर्षं तो लोकांना एकच गोष्ट विचारत आला होता, कुठं जायचं? झिंगून चढलेला माणूससुद्धा आपल्या गावाचं नाव बरोबर सांगायचा. सांगता येत नव्हतं ते फक्त घरातल्या कुलदीपला. बारावी सायन्सला पंचावन्न टक्के, सीईटीत निम्म्या महाराष्ट्राच्या जरा मागं, आणि पुढं काय करतोस विचारलं की उत्तर ठरलेलं. कोणतंबी चालते, बाबा.

पोरगं वाईट नव्हतं. उलटून बोलणं नाही, हट्ट नाही, ताटात पडेल ते मुकाट्यानं खाणार. फक्त घाई म्हणून त्याला कशाचीच नव्हती. सकाळी उठून जायचा तो अकरमच्या दुकानात. अकरम हिवरा आश्रमाच्या रस्त्यावर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. त्याच्या दुकानात कुलदीप तासन्‌तास तांब्याच्या तारा गुंडाळत बसे. इंद्रभानच्या लेखी हा निव्वळ टाइमपास होता.

सल्ले देणाऱ्यांचा तोटा नव्हता. साडू माणिकराव म्हणाले, डोळे मिटून फार्मसी घ्या. शेजारी म्हणाले, आता कॉम्प्युटरशिवाय जगात काही उरलेलं नाही. शाळेतले सर म्हणाले, आधी मुलाचा कल बघा. कल कुठं बघायचा, तो एक्स-रेत दिसतो का, एवढं मात्र सरांनी सांगितलं नाही. इंद्रभाननं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंच मनावर घेतलं नाही. त्याच्या बापानं त्याला न विचारता डी.एड.ला घातलं होतं. ते अर्ध्यात सुटलं आणि त्याची टोचणी अजून गेली नव्हती. पोराच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, त्यानंच तोंडानं सांगायचं, हे त्यानं पक्कं ठरवलं होतं. म्हणून जूनभर तो विचारत राहिला आणि पोरगं चालते-चालते म्हणत राहिलं.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या दिवशी इंद्रभानची ड्युटी दुपारी सुटणार होती. कुलदीप त्याच्याच गाडीनं मेहकरला निघाला आणि मागं कंडक्टरच्या सीटजवळ बसला. गाडी रिकामी होती. खिडकीबाहेर बघत, कुणी विचारलेलं नसताना, तो बोलला.

"बाबा, मले चिखलीचं इलेक्ट्रिकल टाका. जमन तं."

इंद्रभाननं कान टवकारले. इलेक्ट्रिकल काऊन, असं त्यानं जपून विचारलं. जोरात विचारलं तर पोरगं पुन्हा मिटून बसेल अशी त्याला धास्ती होती. कुलदीप म्हणाला की मोटार कुठं जळाली ते त्याला अकरमभाईच्याही आधी सापडतं, आणि अकरमभाई म्हणते की हे सगळ्यालेच येत नाही. बस, एवढंच. पण इंद्रभानला इतका आनंद झाला की पुढच्या थांब्यावर चढलेल्या म्हातारीला त्यानं मेहकरऐवजी चिखलीचं तिकीट फाडलं आणि वर तिची बोलणी खाल्ली. पोरानं गावाचं नाव सांगितलं होतं, विषयाचंही सांगितलं होतं.

मंजुळाबाई, म्हणजे कुलदीपची आई, तिचा फोन आला तेव्हा दोघं सबीहाच्या ऑनलाइन सेंटरमध्ये बसलेले होते. सबीहा गावोगावच्या पोरांचे फॉर्म भरून द्यायची, हात मशीनसारखा चाले. मंजुळाबाईनं एकच सांगितलं. आपल्या घरात लग्नाची पहिली पत्रिका शेगावला महाराजांच्या पायाशी जाते. नव्या गाडीची पहिली खेप शेगावला होते. मग पोराच्या शिक्षणाच्या कागदावर पहिलं नाव शेगावचं नको का? पहिला मान महाराजांचा, त्याच्या खाली काय टाकायचं ते टाका.

इंद्रभानला यात खोट दिसली नाही. देवाला एक ओळ दिली तर आपलं काय जातं? सबीहानं शेगावकडच्या एका कॉलेजचं पान उघडलं आणि कोणती शाखा टाकू म्हणून विचारलं. यादीत शेवटी टेक्स्टाइल होतं. तेच टाक, म्हणाला इंद्रभान. सबीहाचा हात थांबला.

"काका, पहिल्या नंबरचं लागलं तं तेच घ्यावं लागते. खालचं सारं आपोआप बंद होते. पाह्यजा बरं."

इंद्रभान हसला. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस तो, नियम त्याला काय नवे होते?

"याच्या मार्कांवर शेगावले कोन घेते बाई याले? लागत नाही ते. तू टाक."

कुलदीप शेजारच्या खुर्चीवरच बसला होता. बापानं त्याच्याकडं बघितलं, आणि पोरानं होकाराची मान डोलावली. दुसऱ्या नंबरला चिखली, इलेक्ट्रिकल गेलं. इंद्रभानच्या मोबाइलवर ओटीपी आला, तो त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला आणि फॉर्म कायम झाला.

आठ दिवसांनी पहिली यादी लागली. कुलदीप अकरमच्या दुकानात होता आणि इंद्रभान घरी जेवायला बसलेला होता, तेव्हा मोबाइल वाजला. शेगाव, टेक्स्टाइल, पसंती क्रमांक एक. त्यानं घास ताटात ठेवला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. महाराष्ट्रात जी शाखा कुणालाच नको होती, ती त्याच्या पोराला मिळाली होती. चिखलीच्या इलेक्ट्रिकलची यादी त्यानं उघडली. कुलदीपपेक्षा कितीतरी कमी गुणांची पोरं तिथं लागली होती.

मंजुळाबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. महाराजांनी पोराला जवळ बोलावलं, असं म्हणत ती पेढे आणायला निघालीसुद्धा. तिला काय सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ. देवानं दिलेल्याला नको म्हणायला तोंड लागतं, आणि इंद्रभानचं तोंड त्या दिवशी सबीहाच्या सेंटरमध्येच वापरून संपलं होतं. गल्लीतली शालूबाई पेढा खात म्हणाली, म्हणजे पोरगं शिलाई शिकणार का?

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि कुलदीपला घेऊन बुलढाण्याचं सुविधा केंद्र गाठलं. वरातीमागून घोडं हे त्यालाही कळत होतं. तिथल्या मॅडम चिडल्या नाहीत, उलट दोघांना बसायला सांगून पाणी दिलं. त्यामुळं त्याला जास्तच केविलवाणं वाटलं. मॅडम म्हणाल्या, ही जागा नाकारली तर मुलगा पुढच्या फेऱ्यांतून बाहेर जातो. मागून कॉलेजात थेट प्रवेश घेतला तर फीची सवलत मिळत नाही. वर्ष सोडायचं असेल तर सोडा. इंद्रभाननं हात जोडले, माझी चूक आहे, पोराची नाही म्हणाला. मॅडम म्हणाल्या की कॉम्प्युटरला ते कळत नाही, काका.

बाहेर लिंबाखाली दोघं बसले. जागा घ्यायची मुदत संध्याकाळपर्यंत होती. इंद्रभानला रडू येत होतं, पण आजूबाजूला दुसरे बाप बसलेले होते. शेवटी त्यानं विचारलं.

"तिथं बसला होता ना तू? मले थांबवलं काऊन नाही बे? एक शब्द तं बोलाचा."

कुलदीप चपलेनं माती उकरत होता. त्याच्या आवाजात ना राग होता, ना गाऱ्हाणं.

"तुमी म्हणलं ना, याले कोन घेते. मलेबी तसंच वाटलं, बाबा."