शेजारच्या आजोबांचा टोप

मी एक जुना टोप आहे. थांबा, मित्रांनो, भात शिजवायचा नव्हे! घोड्याच्या केसांचा, वकील आणि न्यायाधीश डोक्यावर घालतात तो. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण माझी सगळी फजिती या एका शब्दानेच केली.

लंडनच्या एका दुकानात घोड्याच्या केसांना वळ्या घालून मला घडवलं. तेव्हा मी पांढराशुभ्र होतो आणि त्याची मला फार लाज वाटे. आमच्या धंद्यात सगळा उलटा कारभार असतो. टोप जितका मळका, तितका वकील मुरलेला. माझा मालक रेजिनाल्ड हॅझलडीन अगदीच नवशिका होता. आम्हां दोघांना पाहून लोक गालातल्या गालात हसत.

मग रोझाचा खटला आला. रोझा परदेशातून आलेली स्वयंपाकीण. सरकार तिला मायदेशी धाडायला निघालं होतं, आणि तिचा लहानगा मुलगा मात्र मागे राहणार होता. रेजिनाल्ड तिच्यासाठी असा काही बोलला की सारं कोर्ट चिडीचूप झालं. ती जिंकली. वर्तमानपत्रांत त्याचा फोटो छापून आला, त्यात मीही होतो. मित्रांनो, त्या दिवशी मी केवढा फुगलो होतो म्हणून सांगू!

पुढे तो निवडणूक जिंकून संसदेत गेला. तिथे मला मज्जाव होता, त्यामुळे तिथल्या बातम्या मला त्याच्या कारकुनाकडून कळत. त्याच्या पक्षाने एक कायदा आणला. रोझासारख्या माणसांना यापुढे कोर्टात दादच मागता येऊ नये, असा. "साहेबांनी तोंडातून ब्र काढला नाही," कारकून म्हणाला, "आणि मत दिलं ते कायद्याच्या बाजूने."

काही वर्षांनी तो न्यायाधीश झाला. आता नवा टोप घ्या, असं लोकांनी सुचवलं. पण त्याने मलाच ठेवलं. एव्हाना मी छान पिवळट पडलो होतो. एके दिवशी एक बाई त्याच्यासमोर उभी राहिली. रोझासारखीच परदेशी, रोझासारखीच मुलापासून तुटणारी. "कायद्याने माझे हात बांधलेले आहेत," तो म्हणाला. बांधणारे हातही त्याचेच होते. पण तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही. मी आपला त्याच्या डोक्यावर ऐटीत बसलो होतो.

म्हातारपणी तो सिंगापूरला मुलीकडे राहायला आला. ती तिथल्या क्लेमेंटी भागाजवळच्या विद्यापीठात शिकवते. मी डब्यात बंद, डबा कपाटावर. समोरच्या फ्लॅटमध्ये धम्मानंद नावाचे संशोधक राहतात. त्यांची बायको भावना, मुलगी ऋता, आणि अमरावतीहून आलेली आई, बेबीआजी. ऋताचं माझ्या म्हाताऱ्या मालकावर फार प्रेम. रोझाची गोष्ट तिने त्याच्याकडून कितीदा तरी ऐकली होती. "माझे जजआजोबा नेव्हर राँग, ला!" असं ती, वाक्याअखेर सिंगापुरी 'ला' जोडून, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगे. तो ऐकून घेई आणि लिफ्टचं बटण दाबी.

बुद्धपौर्णिमेला भावनाने आमच्याकडून दोन वस्तू मागून नेल्या. खिरीसाठी मोठं पातेलं, आणि ऋताच्या नाटुकल्यासाठी मी. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना भावनाने दारातूनच सांगितलं, "आई, शेजारच्या आजोबांचा टोप तेवढा धुऊन ठेवा हं. संध्याकाळी परत द्यायचाय."

भावना मुंबईची. तिच्या लेखी पातेलं म्हणजे टोप. आजी वऱ्हाडातल्या. त्यांच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात, आणि टोप असतो तो फक्त डोक्यावर. झालं! आजींनी मला रिठ्याच्या पाण्यात बुडवून खसाखसा चोळलं आणि खिडकीबाहेरच्या बांबूवर मोज्यांच्या रांगेत वाळत घातलं. इतक्या वर्षांची माझी पिवळट इभ्रत मोरीतून वाहून गेली, आणि मी पुन्हा पांढराशुभ्र झालो. शरमेने मला बांबूवरून खाली उडी घ्यावीशी वाटली.

"आई! हे काय केलंत?" भावना संध्याकाळी किंचाळलीच.

"तूच त म्हटलं होतं! गंज त मी कालच घासून ठेवला. केवढा मळ निघाला याच्यातून, माय!"

"आजी, धिस वन कॅनॉट वॉश, ला!" ऋता रडकुंडीला आली.

रिकामं भांडं परत कसं द्यायचं, म्हणून भावनाने पातेल्यात ताजी खीर घातली. मला टॉवेलात गुंडाळलं. तिघीजणी मान खाली घालून माझ्या मालकाच्या दारात उभ्या राहिल्या.

त्याने मला बराच वेळ हातात धरून ठेवलं. मग तो खुर्चीत बसला. ऋताने त्याचा हात धरला.

"आर यू अँग्री, जजआजोबा?"

"नाही गं. लाज वाटते," तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. "रोझासाठी उभा राहिलो, तेव्हा हा असाच पांढरा होता."

आणि आजवर न सांगितलेलं सगळं त्याने तिला सांगितलं. तो कायदा, ते मत, ती दुसरी बाई. ऋता ऐकत राहिली. आजींना इंग्रजी कळेना, म्हणून तिने अडखळत मराठीत सांगितलं.

आजी त्याच्या खुर्चीजवळ आल्या. मग म्हणाल्या, "त्या बाईचं नाव काय होतं, विचार बरं त्यायले."

ऋताने विचारलं. "रोझा," तो लगेच म्हणाला.

"थे नाही व. दुसरी."

त्याने तोंड उघडलं. छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नाव काही आठवेना. ऋताने त्याच्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, धुण्याआधी चार जणांना विचारा, असं सांगायला मी आलो होतो. पण कोणत्या तोंडाने सांगू? ती बाई माझ्यापासून चार हातांवर उभी होती. पुकारा करणाऱ्याने तिचं नाव मोठ्याने घेतलं होतं. तेव्हा मी माझ्या रंगाचं कौतुक करत बसलो होतो. तुमच्यासमोर कधी कोणी असं हात जोडून उभं राहिलं, तर निदान त्याचं नाव नीट ऐकून घ्या. मी ते ऐकलं नाही. आता आठवू म्हटलं तरी मला ते आठवत नाही.