डिकीतला दिवा

मी उंचीने फार लहान आहे, मित्रांनो. जमिनीपासून जेमतेम हातभर वर, एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या बंपरमध्ये, डाव्या कोपऱ्यात माझी जागा होती. मी धुक्याचा दिवा. मोठे दिवे वर बसतात आणि लांबवर पाहतात. पण धुके पडले की त्यांचा उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून माघारी येतो आणि चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो. अशा वेळी आमचे काम सुरू होते. आम्ही धुक्याच्या पोटाखालून सरपटत जातो आणि रस्त्याची कड तेवढी दाखवतो.

इतक्या खाली बसल्यामुळे मला माणसांचे चेहरे कधी नीट दिसले नाहीत. मी माणसांना त्यांच्या पायांवरून ओळखायला शिकलो.

गाडी कोल्हारच्या शामकांतकाकांची. ते पोस्टात नोकरीला होते. त्यांच्या पत्नी विजयाबाई राहुरीच्या शाळेत शिकवायच्या आणि त्यांची शाळा सकाळची असे. थंडीत प्रवरेवरून असे दाट धुके उठते की पुलाचा कठडासुद्धा दिसत नाही. म्हणून काकांनी हौसेने आम्हाला बसवून घेतले. आम्ही म्हणजे मी आणि उजव्या कोपऱ्यातला माझा जोडीदार. आम्ही एकाच बटणावर पेटायचो आणि एकाच वेळी विझायचो.

विजयाबाईंच्या पायांत काळ्या पट्ट्यांच्या चपला असत. निघण्यापूर्वी त्या वाकून आमच्या काचांवरचे दव पुसायच्या. काका आतून म्हणायचे, "अगं, उशीर होतोय." त्या म्हणायच्या, "हे दोघे आंधळे राहिले तर आणखी उशीर होईल." माझ्या आयुष्यातले कौतुक काय ते एवढेच, पण ते रोज सकाळी मिळायचे.

मग विजयाबाई आजारी पडल्या आणि एका उन्हाळ्यात गेल्या. काळ्या पट्ट्यांच्या चपला पुन्हा माझ्यासमोर आल्या नाहीत. त्यांचा मुलगा अनीश पुण्याला असतो. तो म्हणाला, "बाबा, तिकडेच चला." काका गेले नाहीत. पण गाडी बाहेर काढायलाही त्यांना कारण उरले नाही. माझ्या काचेवर धूळ बसली, आत ओल शिरली, काच पिवळी पडली. पुढे कधीतरी बाजारातून येताना एका ट्रकच्या चाकाखालून उडालेला दगड माझ्या जोडीदाराला लागला. काच फुटली, आतली तार तुटली. काकांनी त्या खळग्यात कापडाचा बोळा कोंबला आणि विषय संपवला. बटण दाबले की मी एकटाच पेटायचो. शेजारी अंधार असायचा.

काकांच्या घरामागे मच्छिंद्रचे शेत आहे. त्याची बायको रतनबाई. तिच्या किडन्या काम करेनाशा झाल्या आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी नगरला न्यावे लागू लागले. सकाळची पहिली पाळी मिळाली होती, म्हणजे उजाडण्याआधी निघायला हवे. त्या वेळची यष्टी भरून यायची, आणि रतनबाईला उभे राहवत नव्हते. त्यांचा मुलगा सुप्याच्या कारखान्यात कामाला, तिथेच खोली करून राहिलेला.

एकदा मच्छिंद्र गाडीसाठी कोणाला तरी फोन करत काकांच्या फाटकाशी उभा होता. काकांनी ते ऐकले.

"मच्छिंद्र, माझी गाडी उभीच आहे," ते म्हणाले.

"काका, तुमाला कशाला तरास? दर आठवड्याचं हाय हे."

"मी निवृत्त माणूस, मला तरी दुसरं काय काम आहे?"

तेव्हापासून आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. रतनबाईचे पाय इतके सुजलेले असत की तिच्या पायांत नवऱ्याच्या रुंद चपला असायच्या. मच्छिंद्र रानात पाणी भरून तसाच यायचा, चिखलाने माखलेल्या काळ्या गमबुटांत. काकांची आणि त्यांची आधी फारशी ओळख नव्हती. पण गाडीत हळूहळू गप्पा सुरू झाल्या. रतनबाई एक दिवस म्हणाली, "दादा, वहिनी गेल्यापासून तुमच्या घरातनं आवाजच येत न्हाई. आमाला वाटायचं, तुमी पुन्यालाच गेलात." त्यानंतर जाताना-येताना काकाच जास्त बोलू लागले.

मग थंडी आली, आणि एका पहाटे मी आयुष्यात पाहिले नव्हते असे धुके पडले. राहुरीच्या अलीकडे रस्ताच नाहीसा झाला. काकांनी माझे बटण दाबले. मी होता नव्हता तेवढा जोर लावला, पण माझी काच पिवळी, तार जुनी, आणि उजव्या बाजूला कोणीच नाही. गाडी थांबली. मागच्या सीटवरून रतनबाईच्या धापेचा आवाज येत होता. मागच्या खेपेपासून तिच्या अंगात पाणी साठले होते आणि तिला वेळेवर पोहोचणे भाग होते.

"काका, मी म्होरं चालतो," मच्छिंद्र म्हणाला. "तुमी माझ्या पायाकडं बघून हालूहालू या."

"आवो, मागनं एखादी गाडी आली म्हंजी?" रतनबाई घाबरून म्हणाली.

"तू गप पडून ऱ्हा. मी हाय ना."

तो खाली उतरला आणि माझ्या पुढ्यात आला. मला फक्त त्याचे गमबूट दिसत होते, आणि त्यांच्या कडेने रस्त्याची पांढरी रेघ. एक पाऊल, मग दुसरे. मी त्या पावलांवरून नजर हलवली नाही. गाडी चालत्या माणसाच्या मागे चालत होती. ते बूट एकाएकी थांबले.

"थांबा! काका, थांबा!"

ब्रेक करकचून लागला. माझ्यासमोर उसाच्या ट्रॉलीचे भलेमोठे चाक होते. ट्रॉली रस्त्यातच बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, काहीही नाही. मच्छिंद्रचा हात उसाला लागला म्हणून कळले. तो पुढे चालत नसता तर आधी मी त्या चाकात गेलो असतो आणि माझ्यामागून ते तिघे.

तो गाडीत येऊन बसला. "काका, माझ्याबी ट्रॉलीला मागं काय लावलेलं न्हाई," एवढेच तो म्हणाला.

त्या दिवशी पोहोचायला खूप उशीर झाला. रतनबाईला तिथेच ठेवून घ्यावे लागले. ती त्यातून सावरली. मच्छिंद्रने घरी येताच आपल्या ट्रॉलीला मागून लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या. आणि काकांनी गाडी राहुरीला गहिनीनाथच्या गॅरेजमध्ये नेली.

गहिनीनाथने वाकून मला बोटाने टकटक केली. "काका, नुसता बल्ब बदलून भागायचं न्हाई. काच आतून गेलीय, वायरबी बारीक हाय. नवीन जोडी टाकू. पन गाडी एवढी जुनी, तिला कशाला खर्च करता?"

"गाडीसाठी नाही रे," काका म्हणाले. "गाडीत माणसं बसतात."

त्याने मला काढले. इतक्या वर्षांचे स्क्रू गंजून बसले होते आणि निघताना माझा एक कान, म्हणजे स्क्रू बसायची पट्टी, तुटला. माझ्या जागी नवा दिवा आला. बोळा काढून उजव्या खळग्यातही नवा दिवा बसला. जाड वायर ओढली, वेगळा फ्यूज टाकला. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून गहिनीनाथने त्या दोघांचा उजेड मापून खाली वाकवला. "लई पावरचे हायेत. वर ठिवले तर समोरून येनारा आंधळा हुईल," तो म्हणाला. मी फरशीवर पडून ते पाहत होतो. खरे सांगतो, मला वाईट वाटले. पण ते माझ्यापेक्षा चांगले होते, आणि तेही खरेच होते.

"ह्यो भंगारात टाकू?" त्याने मला उचलून विचारले.

काकांनी मला हातात घेतले. त्यांचा अंगठा माझ्या काचेवरून फिरला, आधी कोणी रोज पुसायचे तसा.

"नको. डिकीत ठेव."

तेव्हापासून मी डिकीत आहे, स्टेपनीच्या शेजारी. इथे मला काही दिसत नाही. फक्त ऐकू येते. पुढच्या धुक्यात रतनबाई म्हणाली, "दादा, आज तर कडंच्या बाभळीसुदिक दिसत्यात." काका हसले. मच्छिंद्रला पुन्हा कधी उतरून चालावे लागले नाही. अंधारात पडल्या पडल्या मी त्या तिघांच्या गप्पा ऐकायचो. हरभऱ्यावर पडलेली अळी, अनीशचा फोन, विजयाबाईंच्या हातची आमटी. जणू मीही त्यांच्यात बसलो होतो.

पण रतनबाईचा आवाज खेपेगणिक बारीक होत गेला. थंडी सरता सरता एक दिवस जाताना तीन आवाज होते आणि येताना एकही नव्हता. रतनबाई त्या गाडीत परत आली नाही. फाटकाशी मच्छिंद्र उतरला आणि दार नीट लागले नाही. ते लावायलाही काका उठले नाहीत.

त्यानंतर गाडी हलली नाही. डिकीचा पत्रा उन्हाने तापायचा, रात्री थंड व्हायचा. अनीश आला, म्हणाला, "बाबा, आता विकूनच टाका." काका "बघू" म्हणाले. एक माणूस येऊन इंजिनाचा आवाज ऐकून गेला. मीही मनाची तयारी केली.

मग एका पहाटे फाटक वाजले.

"काका, जागे हाय का?" मच्छिंद्रचा आवाज होता. "आज आपला नगरचा वार. झोपच लागंना."

"मलाही," काका म्हणाले. "ये, बस."

मच्छिंद्र ओट्यावर टेकल्याचे ऐकू आले. मग म्हणाला, "दवाखान्यात हिच्या शेजारच्या खाटंवर एक लंकाबाई असायची. राहुरीच्या अलीकडच्या फाट्यावरनं यष्टीत चढती, एकलीच. काल तिचा हिच्या मोबाईलवर फोन आला. म्हनली, रतन, का येईना तू? मला सांगताच आलं न्हाई. मी फोन ठिवून दिला."

घरात काहीतरी खुळखुळले. काकांनी चावी घेतली असावी.

"फोनवर सांगायचं नाही हे," ते म्हणाले. "चल."

फाट्यावर गाडी थांबली. खिडकीची काच खाली गेली. कोणीतरी जवळ आले, लुगडे सळसळले. त्या बाईने मागची रिकामी सीट पाहिली असेल. कोणालाच काही सांगावे लागले नाही. बऱ्याच वेळाने मागचे दार उघडले आणि कोणीतरी हळूच बसले, एका कडेला, बाजूला जागा सोडून.

मित्रांनो, मी आता कधी पेटणार नाही हे मला माहीत आहे. पण माझे एक ऐकाल? तुमच्या घरी सायकल असो, ट्रॅक्टर असो की ट्रॉली, तिच्या दिव्यांची काच पुसत जा. मागे लाल पट्टी लावायला घरच्यांच्या मागे लागा. आणि शेजारच्या ज्या घरातून बरेच दिवस आवाज येत नाही, तिथे एकदा हाक मारून बघा. आत कोणीतरी जागे असते.

गाडी खड्ड्यातून गेली आणि मी स्टेपनीवर आपटलो.

"डिकीत काय वाजतंय वं?" लंकाबाईने विचारले. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बोलली.

"जुना दिवा आहे," काका म्हणाले.

"मग टाकून का देत न्हाई?"

मच्छिंद्र म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मावशी. कुनाचा तरी आवाज हाय."